सातव्या इयत्तेची शिदोरी

सहाव्या किंवा सातव्या इयत्तेच्या वर्गात भिंतीवर लावलेले वेळापत्रक पाहून कोणी थबकत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल, चित्रकला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण ही नावे ऋतूंच्या नावांइतकी स्वाभाविक वाटतात. ती जणू शाळेबरोबरच जन्माला आली असावीत. वस्तुस्थिती तशी नाही. या यादीतील प्रत्येक नाव कोणत्या तरी काळी, कोणाच्या तरी आग्रहाने आत आले आहे आणि बहुधा दुसऱ्या एखाद्या नावाला बाजूस सारून आले आहे. मोडी गेली, आणे-पै गेले, पावकी-दिडकी गेली, सूतकताई आली आणि तीही गेली. वेळापत्रकाचा हा कागद म्हणजे समाजाने आपल्या मुलांविषयी वेळोवेळी केलेल्या निर्णयांची नोंदवहीच होय.

पहिल्या चार-पाच इयत्तांविषयी फारसा वाद कधी झाला नाही. लिहिणे, वाचणे, मोजणे हे सर्वांनाच हवे. वरच्या टोकाला महाविद्यालयात काय शिकवावे, याचा निकाल विद्वानांनी आपसांत लावला. खरा पेच पडला तो मधल्या टप्प्यावर. दहा-अकरा वर्षांचे मूल चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत काय शिकते, हा प्रश्न अवघड होण्याचे कारण असे की, या वर्गात दोन प्रकारची मुले शेजारी शेजारी बसतात. एकाला पुढे जायचे असते. दुसऱ्याची शाळा येथेच संपणार असते. पहिल्याला पायरी हवी, दुसऱ्याला शिदोरी हवी. अभ्यासक्रम मात्र दोघांना एकच असतो. गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्रात आणि पुढे साऱ्या देशात या टप्प्यावर विषयांची जी उलथापालथ झाली, तिच्या मुळाशी हा पेच आहे. मराठी शाळेच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

इंग्रजी अंमल सुरू होण्यापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या पडवीत त्या भरत. छापील पुस्तक नव्हते, इयत्ता नव्हत्या, आणि आज ज्याला विषय म्हणतात तेही नव्हते. मूल धुळाक्षरे गिरवी, बाराखडी घोकी, मोडीचे वळण बसवी आणि पाढे पाठ करी. हे पाढे केवळ पूर्णांकांचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी अशी अपूर्णांकांची सारी उतरंड मुलाच्या जिभेवर चढवली जाई. व्याज, भाव, वजन आणि माप यांचा तोंडी हिशेब करणारा माणूस त्यातून तयार होई. त्याला कागद-लेखणीची गरज पडत नसे.

या शाळेचे कौतुक करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिने शिकवलेले सर्व उपयोगी होते, पण ते उपयोगी कोणाला? पेढीवर बसणाऱ्याला, कुलकर्ण्याच्या दप्तरात बसणाऱ्याला. मुलींना तेथे जवळजवळ जागा नव्हती. ज्यांच्या श्रमावर गाव उभे होते, त्या कष्टकरी जातींची मुले क्वचितच तेथे येत, आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर दारच बंद होते. शिवाय गावाच्या वेशीबाहेरचे जग त्या शाळेत शिरत नसे. पृथ्वी केवढी आहे, ग्रहण का लागते, आपल्यापूर्वी येथे कोण राज्य करीत होते, हे प्रश्न पंतोजींच्या कक्षेत येत नव्हते.

१८१९ मध्ये माउंट स्टुअर्ट एलफिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. १८२३ च्या डिसेंबरात त्याने शिक्षणावर जे टिपण लिहिले, त्यात देशी शाळा सुधाराव्यात, त्यांना छापील पुस्तके द्यावीत आणि नव्या विद्या देशी भाषांतून शिकवाव्यात, असा आग्रह धरला. मुंबईत शाळा व शाळापुस्तके यांसाठी स्थापन झालेली मंडळी या कामास लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. बाळशास्त्री जांभेकरांनी भूगोल, इतिहास व गणित या विषयांवर लिहिले. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. विषय आणि पुस्तके या दोन्ही गोष्टी मराठी शाळेत एकाच वेळी आल्या. किंबहुना पुस्तक आले म्हणूनच विषय वेगळा झाला. गणिताचे एक पुस्तक, भूगोलाचे दुसरे, व्याकरणाचे तिसरे, आणि प्रत्येकाचा एक तास.

या बदलाचा लाभ मोठा होता. ज्या मुलाने तालुक्याचे गावही पाहिले नव्हते, त्याच्यापुढे पृथ्वीचा नकाशा उलगडला. ग्रहणाचे कारण त्याला राहू-केतूंवाचून कळले. परंतु या लाभाबरोबर एक अवघड गोष्टही आली. ज्ञान बाहेरून तयार होऊन येऊ लागले, आणि ते कोणाच्या नजरेने लिहिले आहे, हा प्रश्न उभा राहिला. इतिहासाच्या बाबतीत तो लवकरच उघड झाला. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि काही वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेले त्याचे मराठी रूप ‘मराठ्यांची बखर’ या नावाने शाळांत वाचले जाऊ लागले. मराठी मुले आपल्या पूर्वजांचा इतिहास त्यांचे राज्य जिंकणाऱ्यांच्या लेखणीतून शिकत होती. १८६७-६८ च्या सुमारास डेक्कन कॉलेजातील नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने या बखरीवर टीका केली आणि मूळ साधने पुन्हा तपासण्याची गरज दाखवून दिली. पुढे मराठी इतिहाससंशोधनाची जी थोर परंपरा उभी राहिली, तिच्या आरंभापाशी शाळेत वाचलेल्या एका पुस्तकाविषयीचे असमाधान आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखाते उभे राहिले आणि मराठी शाळेला इयत्तांची शिडी मिळाली. मराठी चौथी झाली की, मुलापुढे दोन वाटा फुटत. ज्याच्या घरी ऐपत असे आणि ज्याच्या गावाजवळ इंग्रजी शाळा असे, तो इंग्रजी पहिलीत जाई; तेथून मॅट्रिक आणि पुढे कॉलेज असा त्याचा मार्ग खुला होई. उरलेले मराठीच्या वरच्या इयत्तांत राहत. त्रैराशिक, व्याज, जमाखर्च, हिंदुस्थानचा इतिहास, भूगोल, व्याकरण आणि मोडी वाचन हा त्यांचा अभ्यास. शेवटी मुलकी परीक्षा, आणि पुढच्या काळात व्हर्नाक्युलर फायनल. ही परीक्षा उतरलेल्यास तलाठी, कारकून किंवा प्राथमिक शिक्षक होता येई. खेड्यात ‘सातवी झालेला’ या शब्दांना जो मान होता, तो उगाच नव्हता. कित्येक घराण्यांत नोकरीचा पहिला पगार या परीक्षेमुळे आला.

तथापि या परीक्षेने अभ्यासक्रमाला एका दिशेस वाकवले. कचेरीला जे हवे ते शाळेत आले: सुवाच्य अक्षर, बिनचूक जमाखर्च, नियमांचे पाठांतर. शाळा तपासायला येणारे डेप्युटी अर्ध्या घटकेत जे विचारू शकत, तेच वर्षभर शिकवले जाऊ लागले. नद्यांची नावे, राजधान्या, राजांच्या कारकिर्दी या गोष्टी विचारण्यास सोप्या आणि तपासण्यासही सोप्या. कचेरीत जागा थोड्या आणि वर्गात मुले अधिक. ज्यांना ती जागा मिळणार नव्हती, त्यांच्यासाठी या शिक्षणात काय होते?

हा प्रश्न ज्यांनी सर्वांत स्पष्ट शब्दांत विचारला, ते महात्मा जोतीराव फुले होत. १८८२ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, आणि १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे निवेदन फुल्यांनी त्यास सादर केले. शासनाचे उत्पन्न मुख्यत्वे रयतेच्या घामातून येते, मग तिच्या मुलांच्या शिक्षणावर इतका अल्प खर्च का, हा त्यांचा पहिला सवाल. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. या निवेदनाचा हा भाग पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यात अभ्यासक्रमाची यादीही आहे, आणि ती फार विचार करून केलेली आहे. मोडी व बाळबोध यांचे लेखन-वाचन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांविषयीचे काही पाठ, अशी ती यादी. शेतीचे पाठ कोरडे राहू नयेत म्हणून शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, असेही त्यांनी सुचवले.

या यादीत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. फुल्यांनी शेतकऱ्याच्या मुलासाठी शेती मागितली, पण इतिहास, भूगोल आणि व्याकरण सोडून दिले नाही. कष्टकऱ्याच्या मुलाला कष्टाचेच शिक्षण पुरे, असे म्हणणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. फुले त्यांच्यात नव्हते. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. त्यांनी विषयांबरोबर शिक्षकाचाही विचार केला. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील; त्यांच्या प्रशिक्षणात शेती व आरोग्य यांचा समावेश असावा; आणि त्यांना पोटापुरता पगार मिळावा, असे त्यांनी म्हटले. कागदावर विषय वाढवणे सोपे असते. तो शिकवणारा माणूस तयार करणे कठीण असते. अभ्यासक्रमाची बहुतेक सुधारणा या दुसऱ्या पायरीवर अडखळते, हे त्यांनी आधीच ओळखले होते.

हंटर आयोगाने आपल्या अहवालात देशी पद्धतीचे हिशेब, जमीनमोजणी आणि शेती व आरोग्य यांस उपयोगी पडणारे सृष्टिज्ञान यांची शिफारस केली. पण सक्ती आली नाही आणि शाळेशाळेला नमुना शेतेही मिळाली नाहीत. सक्तीचा प्रश्न पुढे संस्थानांनी हाती घेतला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या राज्यात तो कायदा लागू केला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ च्या मार्चमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. त्यात मागणी माफक होती: सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, आणि तीही टप्प्याटप्प्याने. तरीही १९१२ च्या मार्चमध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. दहा वर्षांपलीकडच्या मुलांचा विचार करणे त्या काळच्या कायद्याला परवडण्यासारखे वाटत नव्हते. वरच्या इयत्ता ज्यांना सोय होती त्यांच्यासाठीच राहिल्या.

चौदाव्या वर्षापर्यंतचे शिक्षण हे अखंड आणि सर्वांचे असले पाहिजे, ही कल्पना देशापुढे ठामपणे मांडली गेली ती १९३७ मध्ये वर्ध्यास. २२ व २३ ऑक्टोबरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला. विनोबा भावे आणि काका कालेलकर हे या समितीत होते. सात वर्षे, मातृभाषेतून, सर्वांना मोफत शिक्षण. आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मूलोद्योग. हस्तव्यवसाय, मातृभाषा, गणित, सामाजिक अभ्यास, सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत आणि हिंदुस्थानी हे त्याचे विषय होते. इंग्रजीला स्थान नव्हते. दिवसाची वाटणी पाहिली म्हणजे या योजनेचे धाडस कळते. साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगाला. चाळीस मिनिटे मातृभाषेला. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून चाळीस. सामाजिक अभ्यास व विज्ञान यांना तीस. व्यायामाला दहा आणि सुटीला दहा.

यावर गणिताला वेळ कोठे उरला, अशी शंका कोणासही येईल. योजनेचे उत्तर ‘समवाय’ या एका शब्दात होते. उद्योग हा आणखी एक विषय नव्हे, तर सर्व विषयांचा आधार. सूत मोजताना चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची एक लट, चार लटींची एक गुंडी. म्हणजे एका गुंडीत दोन हजार पाचशे साठ फूट सूत. यात गुणाकार आला, सरासरी आली आणि मजुरीचा हिशेबही आला. कापूस कोठल्या जमिनीत पिकतो, हे विचारताच भूगोल आला. येथले विणकर का बुडाले, हे विचारताच इतिहास आला. चातीचा वेग पाहताना विज्ञान आले. पंतोजींच्या शाळेत ज्ञान अखंड होते, पण अरुंद होते. सरकारी शाळेत ते रुंद झाले, पण त्याचे तुकडे झाले. रुंदी राखून ते पुन्हा अखंड करावे, हा वर्ध्याचा प्रयत्न होता.

तो का फळाला आला नाही? मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेविषयी परिषदेतच शंका उपस्थित झाल्या होत्या. १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि राजाश्रय सुटला. पण मुख्य कारण फुल्यांनी सांगितलेलेच होते. समवायाने शिकवण्यास असा शिक्षक लागतो, ज्याला उद्योग येतो, गणित येते, इतिहासाची दृष्टी आहे, आणि या सर्वांची गाठ त्या क्षणी मारण्याचे कसब आहे. असे शिक्षक सेवाग्रामला होते. हजारो शाळांत नव्हते. परिणाम असा झाला की, बहुतेक ठिकाणी सूतकताई हा वेळापत्रकातील आणखी एक तास होऊन बसला. जी गोष्ट विषयांच्या भिंती पाडण्यासाठी आली होती, तिच्याभोवतीच भिंत उभी राहिली. पुढे श्रीमंतांच्या मुलांना इंग्रजी आणि गरिबांच्या मुलांना चरखा, असा संशयही लोकांच्या मनात रुजला; आणि ज्या पालकांनी सातवीच्या दाखल्याची किंमत पाहिली होती, त्यांना तो निराधार वाटला नाही.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे ठरले. त्यामुळे मराठी पाचवी ते सातवी आणि इंग्रजी पहिली ते तिसरी हा जुना भेद विरघळू लागला. चौथीनंतरच्या दोन वाटा एक झाल्या, ही सामाजिक दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. त्याच सुमारास व्यवहारातील एका बदलाने गणिताचा तास पालटून टाकला. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा; म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. चाळीस शेरांचा मण आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. या कोष्टकांवरील गुणाकार-भागाकारांत वरच्या इयत्तांतील मुलांची वर्षे जात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने-मापे आली, आणि त्या उदाहरणांचे ओझे उतरले. अपूर्णांकांचे पाढेही त्याबरोबर मागे सरले. मोडी तर आधीच मावळत होती. रिकाम्या झालेल्या जागेत विज्ञान आणि बीजगणित-भूमितीची ओळख आली.

१९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने देशभरच्या शिक्षणाची पाहणी केली. कोल्हापूरच्या भूमीत घडलेले जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. वरच्या प्राथमिक टप्प्यासाठी आयोगाने दोन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, कला, कार्यानुभव व समाजसेवा, शारीरिक शिक्षण आणि नैतिक मूल्यांचे शिक्षण अशी रचना सुचवली. आजच्या वेळापत्रकाचा सांगाडा तोच आहे. उद्योगाऐवजी ‘कार्यानुभव’ हा शब्द आला आणि तो एक अंश झाला. केंद्र राहिला नाही. केंद्रस्थानी आता विज्ञान आणि गणित होते, कारण देशाला अभियंते, डॉक्टर आणि तंत्रज्ञ हवे होते. महाराष्ट्रात पुस्तकांचे काम करण्यासाठी २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि ‘बालभारती’ हे नाव घरोघरी पोहोचले. गडचिरोलीच्या आणि गिरगावच्या मुलाच्या हाती एकच पुस्तक आले.

यात एक गोष्ट मात्र नकळत हरवली. सातवी हे पूर्वी मुक्काम होते. आता ते वाटेवरचे स्थानक झाले. जुन्या अभ्यासक्रमाचे दोष कितीही असोत, तो संपल्यावर मुलाच्या हाती एक पुरी झालेली गोष्ट असे. नव्या अभ्यासक्रमातील बहुतेक धडे ‘पुढील इयत्तेत अधिक शिकाल’ या भरवशावर लिहिलेले असत. ज्यांना पुढची इयत्ता होती, त्यांचे यात कल्याण झाले. ज्यांना नव्हती, त्यांच्या हाती अर्धी राहिलेली बेरीज आली. आणि कित्येक वर्षे अशी मुलेच, विशेषतः मुली, संख्येने अधिक होती.

विषय वेगळे ठेवूनही ते मुलाच्या जगण्याशी जोडता येतात काय, याचा एक मोठा प्रयोग मध्य प्रदेशात झाला. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत, ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी राज्यशासनाच्या संमतीने सहावी ते आठवीच्या विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने तो पुढे चालवला. मुलांनी व्याख्या पाठ करायच्या नाहीत. शेतात, ओढ्याकाठी जाऊन पाहायचे, साध्या साहित्याने प्रयोग करायचे आणि आपले निष्कर्ष वहीत लिहायचे. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्यास मुभा आणि प्रयोग करून दाखवण्यास गुण. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणींची चर्चा करीत. या कार्यक्रमाचे बळ तेथे होते. तो पुढे सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. २००२ मध्ये शासनाच्या निर्णयाने तो बंद झाला. सामान्य खेड्यातील सरकारी शाळा आणि तेथील सामान्य शिक्षक यांच्या हातून हे घडू शकते, एवढे मात्र त्याने तीस वर्षे सिद्ध करून दाखवले.

संविधानातील दहा वर्षांचा संकल्प कायद्यात उतरण्यास साठ वर्षे लागली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनंतर २००९ मध्ये बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहावी ते आठवीसाठी वर्षाला दोनशेवीस दिवस आणि एक हजार तास त्याने ठरवून दिले. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असलाच पाहिजे, असे बंधन घातले. शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद केली. विषय शिकवायचा तर माणूस हवा, हा फुल्यांचा मुद्दा एकशे सत्तावीस वर्षांनी कायद्याच्या अनुसूचीत आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी या ‘मध्य स्तरा’वर मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर काम करावे, असे सुचवले, आणि २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने व्यवसायशिक्षणाला या टप्प्यावर स्वतंत्र विषयाचे स्थान दिले. वर्ध्याचे तीन तास वीस मिनिटे आणि आजचे दहा दिवस यांत अंतर पुष्कळ आहे. पण प्रश्न तोच पुन्हा दारी आला आहे, आणि धोकाही तोच आहे. हा आणखी एक तास होईल, की इतर तासांना अर्थ देईल?

कोणताही अभ्यासक्रम पारखण्यासाठी महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी एक कागद असतो. सातबाराचा उतारा हे त्याचे नाव. नमुना सात म्हणजे हक्कांची नोंद, नमुना बारा म्हणजे पिकांची. तो नीट वाचायचा तर भाषा यावी लागते, कारण इतर हक्क म्हणजे काय आणि बोजा म्हणजे काय हे समजावे लागते. गणित यावे लागते, कारण क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि बापजाद्यांचे बोलणे एकर-गुंठ्यांत. भूगोल यावा लागतो, कारण जिरायत-बागायत आणि पोटखराबा यांचा भेद जमिनीवर आहे. इतिहास यावा लागतो, कारण कूळकायदा आणि वारसनोंद यांच्यामागे दोन-तीन पिढ्यांची कहाणी आहे. नागरिकशास्त्र यावे लागते, कारण नोंद चुकली असेल तर कोणाकडे आणि कसा अर्ज करावा हे माहीत असावे लागते. आणि त्या नोंदीत बहिणीचे नाव का नाही, हे विचारण्याचे धैर्य यावे लागते. ते कोणत्या तासाला शिकवतात, हे वेळापत्रकात लिहिलेले नसते.

हा कागद एके काळी मोडीत असे आणि शेतकऱ्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. दुसऱ्याने जे वाचले, त्यावर त्याला अंगठा उठवावा लागे. १८८२ मध्ये फुल्यांनी मोडी, हिशेब, इतिहास, भूगोल आणि शेती हे सारे एका श्वासात मागितले, ते या अंगठ्याकडे पाहून. आज मोडी गेली आहे, कागद बाळबोधीत आहे आणि पडद्यावरही दिसतो. आठवी पूर्ण केलेली मुलगी तो कोणाच्या मदतीविना वाचू शकते की नाही, हे तिच्या गुणपत्रिकेवरून कळत नाही. तिच्यापुढे उतारा ठेवावा आणि तिला वाचू द्यावे. अभ्यासक्रमाची परीक्षा तेथे होते.